वेळेला हजर असलेलं जहाज

(रायगड जिल्ह्यातल्या थळ येथे भरलेल्या साहित्य संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



माझी उभी नोकरी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात बॉयलर, पाइप आणि पंपांच्या सहवासात गेली. लिहिणं हा फावल्या वेळचा उद्योग. अशा माणसाला आपण या खुर्चीवर बसवलंत, तेव्हा त्याच्या तोंडून रससिद्धान्त ऐकायला मिळेल अशी आपली अपेक्षा नसणार. संमेलनाध्यक्षाने साहित्याबद्दल बोलावं हा संकेत मी पाळणार आहे. फक्त तिथवर जायची माझी वाट समुद्रावरून जाते.

आज युद्धनौका रोज बातम्यांत असतात. तांबड्या समुद्रात ड्रोन पाडले जातात, सोमालियाजवळ चाचे पकडले जातात, कुठे वादळ झालं की पाण्याच्या टाक्या घेऊन जहाज निघतं. विमानवाहू नौका कुठे निघाली यावर टीव्हीवर तासन्‌तास चर्चा झडतात. या गदारोळात एक साधा प्रश्न हरवतो : संकट उभं राहतं त्या दिवशी एखादं जहाज उपयोगी पडतं ते कशामुळे? तोफांमुळे? आकारामुळे? की आणखी कशामुळे? या प्रश्नाचं एक उत्तर थळच्या समोरच्या पाण्यात साडेतीनशे वर्षांपूर्वी मिळून गेलेलं आहे.

समोर दोन बेटं : अलीकडे उंदेरी, पलीकडे खांदेरी. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत स्थान दिलं, त्यांत खांदेरी आहे. १६७९च्या ऑगस्टमध्ये, पावसाळा पुरता सरायच्या आत, मराठा आरमाराचे सरदार मायनाक भंडारी यांनी शिवाजी महाराजांच्या हुकमाने त्या बेटावर माणसं उतरवली आणि तटाचं काम सुरू केलं. मुंबईकर इंग्रजांच्या पोटात गोळा आला. त्यांच्या बंदराच्या तोंडावरच मराठ्यांची चौकी बसणार होती. त्यांनी गलबतं धाडली. सप्टेंबरात बेटावर उतरायचा प्रयत्न फसला आणि त्यांचा थॉर्प नावाचा अधिकारी मारला गेला. १८ ऑक्टोबरला मराठ्यांचा सरदार दौलतखान याचं आरमार त्यांच्यावर चालून गेलं. इंग्रजांची ‘डोव्ह’ नावाची गुराब मराठ्यांच्या हाती लागली. ‘रिव्हेंज’ हे मोठं जहाज मात्र मिंचिन आणि केग्विन या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी तोफांच्या बळावर राखलं आणि आपल्या होड्यांना माघार घ्यावी लागली.

इथवरची हकीकत आपण नेहमी सांगतो. माझ्या मते खरी गोष्ट यानंतरची आहे. त्या दिवशी ‘रिव्हेंज’ हरली नाही, तरी बेट मराठ्यांकडेच राहिलं. रात्र पडली की या किनाऱ्यावरून लहान होड्या निघायच्या. त्यांत धान्य, दारूगोळा, चुना, माणसं. मोठ्या जहाजाला खोल पाणी लागतं आणि वारा लागतो. इथल्या होड्यांना उथळ पाणी आणि काळोख पुरत होता. खडप कुठे आहे, भरती कधी फिरते, हे वल्ही मारणाऱ्याच्या हाताला ठाऊक होतं. इंग्रज अधिकारी मुंबईला पत्रांवर पत्रं लिहून तक्रार करत राहिले की या होड्या आम्हाला अडवता येत नाहीत. पुढे जंजिऱ्याचा सिद्दी त्यांच्या मदतीला आला, त्याने उंदेरी बळकावली, तरी खांदेरीचा तट चढतच गेला. १६८०च्या आरंभी इंग्रजांनी तह करून काढता पाय घेतला.

लढाईचा दिवस एक होता, रसदीच्या रात्री अनेक होत्या, आणि निकाल त्या रात्रींनी लावला. त्या होड्यांवरच्या एकाही तांडेलाचं, म्हणजे होडीच्या म्होरक्याचं, नाव आपल्याला माहीत नाही, हेही लक्षात ठेवा. मी पुढे त्याकडे परत येणार आहे.

आता १९७१कडे येऊ. पहिली ‘विक्रांत’ ही आपली विमानवाहू नौका. १९६१मध्ये ती ब्रिटनहून नौदलात आली. ’७१चं युद्ध तोंडावर आलं तेव्हा तिच्या चार बॉयलरांपैकी एकाच्या ड्रमला चिरा गेल्या होत्या. ज्यांनी जहाजाचा बॉयलर आतून पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आगीच्या भट्टीभोवती पाण्याचे आणि वाफेचे जाड पोलादी ड्रम असतात आणि त्यांना जोडणाऱ्या शेकडो नळ्या. दुरुस्तीच्या वेळी माणूस हातात दिवा घेऊन एका तोंडातून आत सरपटत जातो. आत ताठ बसता येत नाही. नळीचं एकेक तोंड बोटाने चाचपायचं, साचलेला थर खरवडायचा, चिरेचा संशय आला तर खडूने खूण करायची. एक चीर नजरेतून सुटली तर दाबाखालची वाफ फुटते आणि बॉयलर रूममधला माणूस जिवंत बाहेर येत नाही. ड्रमची ती चीर त्या वेळी देशात दुरुस्त होण्यासारखी नव्हती. विक्रांतला धक्क्यालाच बांधून ठेवावं, असा सल्ला देणारेही कमी नव्हते.

तरी ती निघाली. तीन बॉयलरांवर, कमी वेगाने, पूर्वेच्या समुद्रात. कमी वेगात विमानं उडवायची तर समोरून येणाऱ्या वाऱ्याचा आधार घ्यावा लागतो. कॅप्टन स्वराज प्रकाश यांच्या या जहाजावरून ‘सी हॉक’ आणि ‘अलिझे’ विमानं चितगाव आणि कॉक्स बझारवर जाऊन परत येत होती. तिला शोधायला पाकिस्तानने ‘गाझी’ ही पाणबुडी विशाखापट्टणमपर्यंत पाठवली होती. विक्रांत तेव्हा अंदमानकडे होती, आणि ‘राजपूत’ ही जुनी विनाशिका विक्रांत असल्याचं भासवणारे बिनतारी संदेश सोडत होती. ‘गाझी’ विशाखापट्टणमसमोरच बुडाली. विक्रांतसोबतच्या ताफ्यातल्या ‘कामोर्ता’ या युद्धनौकेचं नेतृत्व मनोहर प्रल्हाद आवटी यांच्याकडे होतं. त्यांना वीरचक्र मिळालं. 

पूर्वेत अडकलेल्या पाकिस्तानी सैन्याला समुद्रातून निसटायला वाट उरली नाही, यात त्या चिरलेल्या बॉयलरच्या जहाजाचा मोठा वाटा आहे. पश्चिमेला त्याच दिवसांत ‘निपात’, ‘निर्घात’ आणि ‘वीर’ या तीन लहान क्षेपणास्त्र नौकांनी ४ डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला केला. मुळात किनारा राखण्यासाठी बांधलेल्या, पल्ला बेताचा. लहान काय नि मोठं काय, ज्याने त्याने आपलं काम केलं. किंमतही दिली. ९ डिसेंबरला दीवजवळ ‘खुकरी’ बुडाली आणि कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजासोबत गेले.

त्याच युद्धाच्या अखेरीस अमेरिकेने ‘एंटरप्राइझ’ ही अणुशक्तीवर चालणारी अवाढव्य विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे पाठवली. तिने एक गोळी झाडली नाही. १६ डिसेंबरला ढाका पडायचं ते पडलंच. पण त्या एका जहाजाचा विषय दिल्लीच्या राजकारणात पुढे कित्येक वर्षं निघत राहिला. नुसतं येऊन उभं राहणं हीदेखील जहाजाची भाषा आहे. २०२५च्या मे महिन्यात पाकिस्तानशी संघर्ष पेटला तेव्हा नवी ‘विक्रांत’ आपल्या ताफ्यासह उत्तर अरबी समुद्रात उभी होती, तीही हीच भाषा बोलत होती.

तरीही या भाषेपलीकडे एक काम आहे आणि गेल्या वीस वर्षांत तेच वाढत चाललं आहे. २००४च्या त्सुनामीनंतर आपल्या नौदलाने तीसहून अधिक जहाजं कामाला लावली. समुद्राची खोली मोजून नकाशे करणारी ‘निरूपक’ रुग्णालय होऊन इंडोनेशियाला गेली. अमेरिकेची ‘अब्राहम लिंकन’ सुमात्राच्या किनाऱ्यासमोर उभी राहिली. तिथे तिची लढाऊ विमानं काय कामाची? कामाला आली ती हेलिकॉप्टरं आणि समुद्राचं पाणी गोडं करणारी यंत्रं. रस्ते वाहून गेलेल्या किनाऱ्यावर धावपट्टी, दवाखाना, वीज आणि पाणी एकत्र घेऊन येणारी दुसरी वस्तू माणसाने अजून बनवलेली नाही.

२०१५मध्ये येमेन पेटलं. एडनमध्ये आपली माणसं अडकली, विमानतळ बंद. ‘सुमित्रा’ ही गस्ती नौका त्या वेळी चाचेगिरीविरोधी पहाऱ्यावर एडनच्या आखातातच होती. मुंबईहून जहाज निघून पोहोचेपर्यंत दिवस गेले असते. ती वळली, गोळीबार चालू असलेल्या बंदराला लागली आणि साडेतीनशेच्या आसपास लोकांना घेऊन जिबुतीला गेली. मागून ‘मुंबई’ आणि ‘तरकश’ या युद्धनौका पोहोचल्या. त्या मोहिमेत जहाजांनी आणि विमानांनी मिळून ४,६००हून अधिक भारतीय आणि ४१ देशांचे ९६० नागरिक सुखरूप काढले. करोनाच्या काळात १० मे २०२० रोजी ‘जलाश्व’ने मालेहून ६९८ जणांना कोचीला आणलं. १६ मार्च २०२४ रोजी ‘कोलकाता’ या विनाशिकेने सोमाली चाच्यांनी बळकावलेलं ‘रुएन’ हे मालवाहू जहाज सोडवलं. १७ खलाशी वाचले, ३५ चाचे शरण आले. त्यांना मुंबईत आणून यलो गेट पोलिसांच्या ताब्यात दिलं. माझगाव-शिवडीकडे जाणारी बस ज्या पोलीस ठाण्यावरून जाते, तिथल्या कोठडीत सोमालियाचे चाचे! व्यापारी जहाजांवर चाकरी करणारी माणसं कोकणात घरोघर आहेत. त्यांच्या घरी या बातमीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

आता आपल्या दारातली घटना. १७ मे २०२१. तौक्ते वादळ. मुंबईपासून सत्तरेक किलोमीटरवर हिरा तेलक्षेत्रात ‘पी-३०५’ नावाचा बार्ज नांगरलेला होता. त्यावर २६१ कामगार राहत होते. वादळात नांगर तुटले, बार्ज वाहत जाऊन आदळला, पाणी शिरलं आणि संध्याकाळी तो बुडाला. ज्या हवामानात सगळी जहाजं बंदरात शिरतात, त्या हवामानात ‘कोची’ ही विनाशिका मुंबईच्या बंदरातून बाहेर पडली. ‘कोलकाता’ही गेली, पुरवठा करणारी खासगी जहाजंही होती.

पेपरात आपण वाचलं की नौदलाने माणसं वाचवली. ती वाचवणं म्हणजे काय ते पाहा. साडेसात हजार टनांचं जहाज. त्याची बाजू पाण्यापासून दोन मजले उंच. काळोख, पाऊस, घराएवढ्या लाटा, आणि लाटांत दिसेनाशी होणारी लाइफ जॅकेटं. जहाज माणसाजवळ न्यायचं, पण अंगावर जाऊ द्यायचं नाही. पंखा फिरत ठेवायचा, पण माणूस त्याच्याकडे ओढला जाता कामा नये. वाऱ्याच्या बाजूने आडवं उभं राहून जहाजाच्या आडोशाला थोडं शांत पाणी करायचं, बाजूवरून दोरखंडाचं जाळं सोडायचं. तासन्‌तास पाण्यात असलेल्या माणसाच्या बोटांत जाळं धरायची ताकद नसते. लाट त्याला वर उचलते त्या क्षणी वरच्या खलाशाने वाकून त्याचा पट्टा पकडायचा. हुकलं, तर तोच माणूस पुढच्या लाटेत जहाजाच्या पोलादावर आपटणार. असे एकेक करून, बार्जवरच्या २६१ जणांपैकी १८६ जण वाचले. जे गेले त्यांतल्या काहींचे देह पुढे आपल्या रायगडच्या किनाऱ्याला लागले. इथल्या लोकांनी ते पाहिले आहेत.

त्या रात्री ‘कोची’च्या क्षेपणास्त्रांचा काही उपयोग नव्हता. उपयोग होता तो चालू इंजिनाचा, शाबूत सुकाणूचा, सरावाच्या हातांचा, आणि जहाज मुंबईत तयार असण्याचा. माझ्या प्रश्नाचं उत्तर हेच. जहाज वेळेला हजर असलं पाहिजे, आणि ते हजर असतं कारण महिनोन्‌महिने आधी कोणीतरी कोरड्या गोदीत त्याच्या पोटाखाली उभं राहून चिकटलेली कालवं खरवडलेली असतात, झडपा बदललेल्या असतात, इंजिनं तपासलेली असतात. खांदेरीच्या रात्रींचं काम आज माझगाव, लायन गेट आणि लोणावळ्याच्या ‘आयएनएस शिवाजी’तल्या वर्कशॉपांत चालतं.

म्हणून आमच्याकडे जो वाद वर्षानुवर्षं चालू आहे, तिसरी विमानवाहू नौका हवी की नको, त्यात मला दोन्ही बाजूंचं अर्धंच पटतं. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत नौदलात दाखल झालेली नवी ‘विक्रांत’ २६२ मीटर लांब आणि सुमारे ४५ हजार टनांची आहे. ती आपल्या देशात बांधली गेली, याचा मला सार्थ अभिमान आहे. पण विमानवाहू नौका एकटी निघत नाही. तिच्याभोवती विनाशिका, फ्रिगेटी, पाणबुडी, तेल पुरवणारं जहाज असा गोतावळा लागतो. काळ्या समुद्रात युक्रेनने एप्रिल २०२२मध्ये रशियाची ‘मॉस्क्वा’ ही युद्धनौका बुडवली, पुढे बिनमाणसांच्या लहान बोटींनी रशियन आरमाराला मागे रेटलं. उथळ पाण्यात लहान होडी काय करू शकते हे थळकरांना कोणी शिकवायला नको. आणि आपलं काय? २०१९मध्ये शेवटची सुरुंगशोधक नौका निवृत्त झाली. त्यानंतर कित्येक वर्षं आपल्याकडे खास त्या कामाची एकही नौका नव्हती. बंदराच्या तोंडाशी कोणी सुरुंग पेरले, तर ४५ हजार टनांचं जहाज बाहेर कसं पडणार? मोठं जहाज घ्या, जरूर घ्या. पण त्याच्या वाटेतला काटा काढणारं लहान जहाज आधी घ्या.

टीका करायची तर आपल्या माणसांवरही करायला हवी. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. तिच्या इंजिनाची चाचणी चालली होती. त्यात प्रवासी गेले, नौदलाचा माणूसही गेला. गजबजलेल्या बंदरात चाचणी कुठे घ्यावी, हा प्रश्न विचारण्याने नौदलाची शान कमी होत नाही. वाचवणाऱ्याकडून आपली अपेक्षा जास्त असते, इतकाच त्याचा अर्थ.

आणि राखणीचं काम एकट्या नौदलाचं नाही. १९९३च्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांची स्फोटकं याच जिल्ह्यात शेखाडीला उतरली. २६ नोव्हेंबर २००८चे हल्लेखोर ‘कुबेर’ या मासेमारी बोटीतून आले आणि मुंबईत बधवार पार्कच्या कोळीवाड्याशी उतरले. त्यानंतर २००९मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली. ऑगस्ट २०२२मध्ये हरिहरेश्वरला रायफली असलेली बेवारस बोट लागली. पुढे कळलं की ओमानजवळ बिघाड होऊन सोडून दिलेली ती बोट वाहत आली होती. पण पहिला फोन किनाऱ्यावरूनच गेला पाहिजे. समुद्रावर काय वेगळं आहे हे सगळ्यांत आधी तांडेलाला दिसतं. त्याच्याकडे संशयित म्हणून न पाहता सहकारी म्हणून पाहिलं, तर उपग्रहाला न दिसणारं तो सांगेल.

मित्रहो, आता साहित्याकडे येतो. दा. गो. ढबूंनी ‘कुलाबकर आंग्रे सरखेल’ लिहून या किनाऱ्यावर मोठे उपकार केले. गजानन मेहेंदळे आणि संतोष शिंत्रे यांनी ‘शिवछत्रपतींचे आरमार’ लिहिलं. इतिहासात आपण श्रीमंत आहोत. पण कान्होजी आंग्र्यांच्या निधनाला, १७२९ला, आपला समुद्र जणू संपतो. त्यानंतरचा समुद्र आपल्याकडे चौपाटीवरचा असतो, सूर्यास्ताचा असतो, फार तर मासळीच्या टोपलीतला असतो. ज्या राज्याच्या राजधानीत नौदलाच्या पश्चिम विभागाचं मुख्यालय आहे, जिथे माझगाव गोदीत विनाशिका आणि पाणबुड्या बांधल्या जातात, तिथल्या भाषेत गोदी कामगाराची एक कसदार कादंबरी शोधावी लागते. रेवस-मांडव्याच्या बोटीने रोज डॉकयार्डात जाणारी एक पिढी या तालुक्यात होऊन गेली. तिचं जगणं कुठे लिहिलं गेलं?

जुन्या विक्रांतचं काय झालं ते आठवा. काही वर्षं ती मुंबईत संग्रहालय होती. शाळांच्या सहली जायच्या. मग खर्च झेपेना. २०१४मध्ये ती भंगारात निघाली आणि दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पोलादातलं थोडं एका कंपनीने मोटारसायकलीत वापरलं. जहाज गेलं याचं मला दुःख आहेच. पण पोलाद कधीतरी गंजणारच होतं. त्या तीन बॉयलरांपुढे उभं राहून ज्यांनी वाफ राखली, त्यांतल्या मराठी माणसांच्या आठवणी आपण वेळेवर लिहून घेतल्या नाहीत. हे नुकसान भंगारवाल्याने केलेलं नाही, आपण केलं आहे.

म्हणून या व्यासपीठावरून तीन मागण्या करतो, आणि त्यांतली पहिली सरकारकडे नाही, आपल्याकडेच आहे. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या ग्रंथालयांनी निवृत्त नौसैनिक, गोदी कामगार, व्यापारी जहाजांवरचे खलाशी आणि तांडेल यांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायला याच वर्षी सुरुवात करावी. फोन प्रत्येकाच्या खिशात आहे, त्यासाठी अनुदानाची वाट पाहू नका. दुसरी मागणी विद्यापीठांकडे. मराठीच्या अभ्यासक्रमात सागरी लेखनाला जागा द्या, आणि ते लिहिणारे विद्यार्थी आठवडाभर तरी गोदीत, बंदरात, मासळीच्या बोटीवर पाठवा. तिसरी सरकारकडे. खांदेरी आता जगाच्या नकाशावर आहे. तिथे तटाचा इतिहास जरूर सांगा, पण शेजारीच त्याच नावाच्या पाणबुड्यांचाही सांगा. पहिली ‘खांदेरी’ १९६८ला आली, १९८९ला निवृत्त झाली. दुसरी माझगावात बांधली गेली आणि २८ सप्टेंबर २०१९ रोजी नौदलात दाखल झाली. मायनाक भंडाऱ्यांपासून माझगावच्या वेल्डरपर्यंतची ही एकच गोष्ट आहे आणि ती मराठीत सांगितली गेली पाहिजे.

तरुण लेखकांना एवढंच सांगतो : पराक्रमावर जरूर लिहा, पण पराक्रम शक्य करणाऱ्या कामावर आधी लिहा. जाळं सोडणाऱ्या हातांवर लिहा, बॉयलरमध्ये सरपटणाऱ्या माणसावर लिहा, १६७९मध्ये काळोखात धान्य पोहोचवणाऱ्या त्या निनावी तांडेलावर लिहा. त्याला नाव देण्याचं काम इतिहासकाराला जमणार नाही, कारण कागद नाही. ते कादंबरीकाराला जमेल.